खाडीसाठी साडेआठ फुटी रॉड: पावसाळी बिल्ड, गाईडची मापं आणि पहिला कोट

1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्या बंद, खाडीला मातकट पूर, म्हणजे ल्युअर (नकली आमिष) पेटीतच. मासे धरायचा रॉड बांधायला हेच दोन महिने मिळतात आणि एपॉक्सीला (दोन भाग मिसळून लावायच्या रेझिनला) सगळ्यात वाईट हवाही ह्याच दोन महिन्यांत असते. त्यामुळे ह्या नोंदीत दोनच गोष्टींवर भर आहे: गाईड (लाईन ओवायच्या कड्या) कुठे बसले आणि का, आणि दमट हवेत दोऱ्यावरचा एपॉक्सीचा कोट कसा सुकवला. बाकीचं थोडक्यात.

रॉड कशासाठी ते आधी. कुंडलिकेपासून कर्लीपर्यंत कुठल्याही खाडीच्या मुखाशी, जेट्टीवरून किंवा खडकावरून 15 ते 30 ग्रॅमचं ल्युअर फेकायचं. मासा जिताडा (मालवणकडच्या मंडळींचा चोणक) आणि तांबोशी. तांबोशी लागली की पहिल्या दोन-तीन सेकंदांत खडकाकडे वळते, म्हणून खालचा भाग ताठ हवा, पण टोक इतकं मऊ की 15 ग्रॅमनेही वाकावं आणि फेक नीट व्हावी. निवडलेला ब्लँक (रॉडची कोरी काठी) 2590 मिमी, दोन तुकड्यांचा, ग्राफाईटचा. बुंध्याशी व्यास 13.5 मिमी, टोकाशी 1.8. कोऱ्या ब्लँकचं वजन 98 ग्रॅम. रील 4000 आकाराचं, ब्रेडेड (विणलेली) लाईन 20 पौंडी.

गाईड ब्लँकच्या कुठल्या बाजूला बांधायचे, त्या अक्षाबद्दल दरवेळी वाद होतो, म्हणून इथेच मांडतो. ग्राफाईटचं कापड साच्यावर गुंडाळताना जिथे थर एकमेकांवर येतात तिथे ब्लँक एका बाजूला किंचित ताठ होतो. टोक टेबलावर दाबून ब्लँक फिरवला की तो एका जागी ‘उडी’ मारतो, तो हाच कणा. जुनी पद्धत म्हणजे कणा शोधायचा आणि त्यावरच गाईड बांधायचे. पण स्पिनिंग रॉडचे गाईड ब्लँकखाली लटकतात, मासा ओढायला लागला की रॉड आपोआप स्थिर राहतो. कण्याची जागा चुकली म्हणून तो पीळ खात नाही. म्हणून इथे कणा सोडून दिला आणि ब्लँकचा सरळपणा धरला. प्रत्येक ब्लँकला थोडा बाक असतोच. टोक किंचित वर उचललेलं दिसेल अशा बाजूने ब्लँक फिरवला, दोन्ही तुकडे जोडून पांढऱ्या पेन्सिलीने खूण केली. गाईडच्या वजनाने तो बाक जवळजवळ बसतो.

मुठीचं काम लवकर उरकलं. रील बसवायची सीट 18 ची (आतलं भोक 18 मिमी), त्या जागी ब्लँक 12.6 मिमी, म्हणजे चहूबाजूंनी 2.7 मिमी पोकळी. ती मास्किंग टेपच्या तीन पट्ट्यांनी भरली, प्रत्येक पट्टी 15 मिमी रुंद आणि साधारण 19 वेढ्यांची. पट्ट्यांमध्ये मोकळी जागा सोडायची आणि ती पूर्ण एपॉक्सीने भरायची. सीटच्या दोन्ही तोंडांशी टेपची कड उघडी राहिली तर ती खारं पाणी शोषते आणि दोन हंगामांत सीट कुरकुरायला लागते. पाच मिनिटांत कडक होणारा एपॉक्सी इथे नको. तो ठिसूळ असतो आणि पाण्यात टिकत नाही. 24 तास घेणारा दाट एपॉक्सीच घ्या. ईव्हीए फोमच्या मुठीचं भोक ब्लँकपेक्षा 1 ते 1.5 मिमी लहान ठेवलं. एपॉक्सी लावून एका दमात सरकवायची, मध्ये थांबलात की ती तिथेच धरते. बुंध्यापासून रीलच्या दांड्याच्या मध्यापर्यंत 380 मिमी.

गाईड

इथे सवडीने लिहितो, कारण बहुतेक जण कंपनीचा तक्ता उतरवतात आणि लगेच दोरा गुंडाळायला बसतात. तक्ता ही फक्त सुरुवात आहे. तुमचा ब्लँक कुठे वाकतो हे तक्त्याला माहीत नसतं.

सुरुवातीचा हिशोब 27 पटीचा. स्पूलच्या (रीलवर लाईन गुंडाळली जाते त्या चकरीच्या) पुढच्या कडेचा व्यास 51 मिमी, गुणिले 27 म्हणजे 1377 मिमी. स्पूल पूर्ण पुढे असताना त्याच्या कडेपासून एवढ्या अंतरावर पहिला लहान गाईड, म्हणजे जिथे लाईनचे वेटोळे संपून ती सरळ व्हायला हवी ती जागा. रील लावून स्पूलची कड बुंध्यापासून 460 मिमीवर येते. 460 अधिक 1377 म्हणजे 1837. टोकाकडून मोजलं तर 753 मिमी.

त्याच्या खाली वेटोळे आवळणारे तीन उंच गाईड, रिंगच्या मापाने 30, 16 आणि 10. टोकापासून 1538, 1218 आणि 968 मिमी. 753 वरच्या गाईडपासून टोकाकडे पाच लहान गाईड: 588, 443, 313, 198, 95. एकूण नऊ आणि टोकाची रिंग. ‘जितके फूट तितके गाईड, वर एक’ ह्या ठोकताळ्याशीही हे जुळतं. 16 चा गाईड कुठे येतो ते जोडावर आवर्जून तपासा. इथे तो जोडाच्या वर निसटतो. जोडाच्या तोंडावरच येत असेल तर दहा-बारा मिमी सरकवलेला बरा.

आता भाराची चाचणी. गाईड तात्पुरते धरायला सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे 3 मिमीचे तुकडे कापले. टोकाकडच्या भागाला ते घट्ट बसतात, खालच्या जाड भागाला मास्किंग टेप लावला. मूठ टेबलाला 45 अंशांत बांधली, रीलमधून लाईन सगळ्या गाईडांतून ओवली आणि टोकाला दीड लिटर पाण्याची बाटली लटकवली. दीड लिटर म्हणजे दीड किलो, वेगळा काटा लागत नाही. रॉड वाकल्यावर बाजूने पाहायचं. लाईनने ब्लँकच्या वळणाच्या जवळून जायला हवं. दोन गाईडांमध्ये ती सरळ तारेसारखी ताणली जाऊन ब्लँकला आडवी जात असेल, तर तिथे अंतर जास्त आहे.

इथे 443 ते 588 ह्या टप्प्यात तेच दिसलं. ब्लँकचं सगळ्यात तीव्र वळण नेमकं तिथे पडतं. 588 चा गाईड 575 वर आणि 443 चा 436 वर आणला. आता टोकाकडून अंतरं अशी: 95, 103, 115, 123, 139, 178 आणि पुढे 215. फरक तेरा आणि सात मिमीचा आहे, पण पुन्हा बाटली लटकवल्यावर लाईन वळणाला धरून गेली. अशी चूक राहिली तर रॉड लगेच मोडत नाही. भार सगळ्या लांबीवर वाटला न जाता एकाच जागी साठतो आणि मोठ्या माशावर, रॉड उभा धरलेला असताना, तिथेच तुटतो. मग दोष ब्लँकवर जातो.

फेकून बघायची चाचणी वेगळी. टेप लावलेल्या अवस्थेत 20 ग्रॅमचं शिसं, दहा फेके. लाईन पहिल्या गाईडवर आपटल्याचा फटफट आवाज आला तर 30 चा गाईड एकेक इंच पुढे न्यायचा. इथे तो 1538 वरच ठीक निघाला.

दोरा आणि कसोटी

गाईडच्या पायांची टोकं कानशीने घासून सुरीच्या पात्यासारखी उतरती केली, म्हणजे दोरा पायरी न पडता वर चढतो. पण खालच्या बाजूची धार मोडायला विसरू नका. ती कुसळ ब्लँकमध्ये रुतते आणि तिथेच तडा सुरू होतो. नखावर पाय ओढून बघा, ओरखडा उठला तर अजून घासा.

दोरा ए नंबरचा नायलॉन. साधा नायलॉन एपॉक्सी प्यायल्यावर अर्धपारदर्शक होतो, मरून रंग काळ्या ब्लँकवर जवळजवळ काळाच दिसतो. रंग तसाच राहणारा दोरा वेगळा मिळतो. आधी स्ट्रॉवर दहा वेढे घेऊन एपॉक्सी लावून बघा. रंग टिकवण्याचं द्रावण लावायचं टाळलं, कारण दोऱ्यात ते भरलं की एपॉक्सी ब्लँकपर्यंत झिरपत नाही.

ताण देण्यासाठी दोरा जाड पुस्तकाच्या पानांतून काढला. पुस्तकावर वजन इतकंच, की गुंडाळून झाल्यावर गाईड अंगठ्याने ढकलला तर केसभर सरकावा. जास्त ताणलात तर सरळ रेषेत आणायला वाव उरत नाही, शिवाय पायाच्या टोकाशी ब्लँक दबतो. पायाच्या 4 मिमी आधी सुरुवात, पाच-सहा वेढे स्वतःच्याच टोकावरून, मग टोक कापायचं. शेवटचे सात-आठ वेढे उरले की ब्रेडेड लाईनचा फास खाली घालायचा आणि दोरा त्यातून आत ओढून घ्यायचा. एकपायी गाईडना पायाच्या मागे, ब्लँकवर, तीन वेढे जास्त दिले, नाहीतर ते पुढे निसटतात.

हे काम सामना बघत करता येतं, आणि कसोटीइतका योग्य सामना दुसरा नाही. इंग्लंडमधली कसोटी आपल्याकडे साडेतीनला सुरू होते, साडेपाचला लंच, सहा-दहा ते आठ-दहा दुसरं सत्र. एका सत्रात तीन गाईड आरामात होतात. गोलंदाज मागे चालत जाताना वेढे घ्यायचे आणि धावायला लागला की अंगठा दोऱ्यावर दाबून वर बघायचं. टी-20 ला हे जमत नाही, चेंडू फार लवकर येतात, वेढे एकमेकांवर चढतात. आणि 2025 च्या ओव्हल कसोटीच्या पाचव्या सकाळसारखं सत्र असेल, इंग्लंडला 35 धावा आणि आपल्याला चार विकेट, तर हातात दोरा घेऊच नका. भारत सहा धावांनी जिंकला त्या तासाभरात कुणाचाही वेढा सरळ पडला नसता.

पहिला कोट

एपॉक्सीच्या बाबतीत मात्र सामना घड्याळासारखा वापरायचा. दोन भाग समप्रमाणात, प्रत्येकी 3 मिली, त्याहून कमी कधीच नाही. 1 मिलीच्या मापात अर्ध्या रेघेची चूक झाली तरी प्रमाण बिघडतं आणि कोट कायमचा चिकट राहतो. सिरिंज बिनरबरी घ्या. रबरी दट्ट्याला सिलिकॉन लावलेलं असतं, ते उतरलं की कोटवर माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. चार मिनिटं सावकाश ढवळायचं, कबड्डी चालू असेल तर पूर्ण वेळ घेतलेल्या आठ चढाया. मग सगळं अ‍ॅल्युमिनियमच्या फॉईलवर पसरायचं. भांड्यात राहिलं तर ते स्वतःच्या उष्णतेने तापून लवकर घट्ट होतं. फॉईलवर बुडबुडेही सुटतात.

फॉईलवर पसरूनही पावसाळ्यातल्या 30 अंशांत ब्रशने काम करायला वीस-पंचवीस मिनिटं मिळतात, म्हणजे सहा षटकं. 6 मिली सगळ्या गाईडना पुरलं. पहिला कोट पातळ, फक्त दोरा भिजेल एवढाच, कडेला दोऱ्याबाहेर 1 मिमी. पायाच्या दोन्ही बाजूंना जो बोगदा राहतो तो आतून भरला पाहिजे. तो पोकळ राहिला तर खारं पाणी तिथेच शिरतं आणि गंज तिथूनच निघतो. जोडाच्या तोंडाला दिलेला 12 मिमीचा वेढाही ह्याच वेळी भिजवला.

फिरवायला मायक्रोवेव्हच्या थाळीची मोटर, मिनिटाला 5-6 फेरे. विकत घेताना पाठीवरचा आकडा वाचा. काही 220 व्होल्टच्या असतात, काही 21 किंवा 30 व्होल्टच्या, त्या थेट घरच्या प्लगला लावल्या तर जळतात. मोटर नसेल तर पहिला दीड तास दर षटकाच्या शेवटी रॉड अर्धा फिरवा. षटकाला साधारण चार मिनिटं लागतात, तेवढ्यात एपॉक्सी ओघळत नाही. जेवणाच्या सुट्टीत विसरलात तर खाली थेंब लोंबतात.

आता दमटपणा. आर्द्रता 85 टक्क्यांवर असताना लावलेल्या कोटवर मेणासारखी दुधट साय धरते. एपॉक्सीतला हार्डनर हवेतल्या पाण्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी जुळून ती बनते. तिच्यावर दुसरा कोट लावला तर तो पोपडा होऊन निघतो. ती कोमट साबणपाण्याने पुसून निघते, घासकागद नुसताच भरून जातो. इथे खोली बंद करून एसी ड्राय मोडवर दोन तास आधी चालवला, आर्द्रता 62 पर्यंत उतरली, आणि कोट लावल्यावर आठ तास तशीच ठेवली. एसी नसेल तर लांब पुठ्ठ्याच्या खोक्यात, ओल्या रॉडपासून दूर, एक गरम होणारा जुना बल्ब लावतात. पण खोकं झाकलेलंच हवं, कारण पावसाळी संध्याकाळी पाखरं दिव्यावर येतात आणि ओल्या कोटमध्ये पंखांसकट रुततात. ती चिमट्याने काढण्यापेक्षा कोट सुकल्यावर खरवडलेला बरा.

निकाल: आठ गाईड स्वच्छ. 10 च्या गाईडच्या मागच्या पायावर एक मऊ पट्टा राहिला. ब्रश भांड्याच्या कडेला लागून न मिसळलेला एपॉक्सी तिथे आला असणार. भांड्याचा तळ आणि कडा खरवडायच्या नाहीत, हा नियम तिथे मोडला गेला. पट्टा फक्त चिकट आहे, वाहत नाही, म्हणून नीट मिसळलेला दुसरा कोट त्याला बहुधा धरून घेईल. वाहत असता तर दोरा कापून गाईड नव्याने बांधावा लागला असता.

उरलेलं काम असं. सायीची तपासणी, कडेला उठलेले दोऱ्याचे केस ब्लेडने उडवायचे, मग दुसरा कोट, पुन्हा 3 अधिक 3 मिली. टोकाची रिंग शेवटी, रॉडसाठीच्या गरम गोंदाने. क्राफ्टच्या साध्या ग्लू-स्टिकने नको, मे महिन्यात बंद गाडीत ती मऊ होते आणि रिंग फिरते. ज्योत रिंगच्या नळीला दाखवायची, ब्लँकला नाही. सध्या वजन 187 ग्रॅम. दुसऱ्या कोटनंतर सात दिवस रॉड आडवा, वाकवायचा नाही, आठव्या दिवशी पुन्हा दीड लिटरची बाटली.