तक्ता शून्यापासून की डावीकडून?

माझ्या संख्याशास्त्राच्या उत्तरपत्रिकेच्या चौथ्या पानावर माझ्याच अक्षरात एक उत्तर आहे: १.३८४९. प्रश्न संभाव्यतेचा. ते खोडून मी पुढे ०.१३८४९ केलंय, म्हणजे दशांश चिन्ह गुपचूप एक घर सरकवलंय. तपासणाऱ्यांनी दोन्हींना मिळून एकच लाल गोल काढला आणि शेजारी प्रश्नचिन्ह टाकलं. शंभरपैकी २८ गुण. उत्तरपत्रिकेची प्रत मागवायला वेगळे पैसे भरले, ती यायला दीड महिना गेला, आणि आल्यावर आधी हेच पान उघडलं.

मी साताऱ्याच्या एमआयडीसीत मसाल्याच्या पाकिटांच्या लाइनवर क्वालिटी बघतो. वय ४२. बढतीसाठी पदवी लागते म्हणून घरबसल्या शिकायचा कोर्स घेतला. बाकीचे विषय निघाले, संख्याशास्त्र राहिलं.

द्विपद वितरण तसं सोपं गेलं. दहा पाकिटं, प्रत्येक सदोष असण्याची संभाव्यता ०.१, असली गणितं तर आमच्या लाइनवरचीच. तिथे मला सूत्राने नाही, मराठीने फसवलं. ‘कमीत कमी तीन सदोष’ वाचलं की डोक्यात फक्त ‘कमी’ शिरायचं आणि मी शून्य ते तीनची बेरीज करून मोकळा व्हायचो. उत्तर ०.९८७२. खरं तर तीन किंवा त्याहून जास्त हवेत, म्हणून एकातून शून्य, एक आणि दोनची बेरीज वजा करायची: ०.०७०२. ‘जास्तीत जास्त’चं नेमकं उलटं. आता प्रश्न वाचतानाच त्या शब्दांवर पेन्सिलीने बाण काढतो.

पॉयसाँ वितरणावर (क्वचित घडणारी गोष्ट ठरावीक काळात किती वेळा घडेल, त्याचं सूत्र) विश्वास बसायला प्रशियाच्या सैन्यातले घोडे कामी आले. घोड्याच्या लाथेने मेलेल्या सैनिकांची आकडेवारी संख्याशास्त्रज्ञ बोर्टकीविच यांनी १८९८ साली मांडली. सैन्याच्या १० तुकड्या (कोअर), २० वर्षं, म्हणजे २०० नोंदी, एकूण मृत्यू १२२, सरासरी ०.६१. सूत्र म्हणतं, एकही मृत्यू नसलेल्या नोंदी साधारण १०८.७ हव्यात. प्रत्यक्षात होत्या १०९. इतकं जुळतंय म्हटल्यावर मी भांडणं सोडलं.

आता तो तक्ता.

प्रसामान्य वितरण म्हणजे घंटेसारखा वक्र, आणि त्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे संभाव्यता. झेड म्हणजे आपला आकडा सरासरीपासून किती प्रमाण विचलनं दूर आहे ते (प्रमाण विचलन हे आकड्यांच्या पसाऱ्याचं माप). ही गणितं मी ज्या पुस्तकातून केली, त्यातला तक्ता मध्यापासून, म्हणजे शून्यापासून झेडपर्यंतचं क्षेत्रफळ देतो. झेड १.२ असेल तर ०.३८४९. त्यामुळे माझ्या हाताला एक वळण पडलं होतं. ‘पेक्षा कमी’ विचारलं की अर्धा (०.५) मिळवा, ‘पेक्षा जास्त’ विचारलं की अर्ध्यातून वजा करा (झेड धन असताना). दीडशे गणितं अशी केली. का मिळवायचं, हे कधी विचारलं नाही. उत्तरं मागच्या पानाशी जुळत होती, मग विचारायचं कशाला?

परीक्षेत तक्ता हॉलमध्येच मिळणार होता. मिळाला. झेरॉक्सची झेरॉक्स. वरचं शीर्षक कापलेलं, घंटेसारखी आकृती नाही, आणि वरच्या दोन ओळी काळ्या पट्ट्याखाली गेलेल्या. प्रश्न असा: बल्बचं सरासरी आयुष्य १२०० तास, प्रमाण विचलन १००, बल्ब १३२० तासांपेक्षा कमी टिकण्याची संभाव्यता काढा. झेड १.२. कागदावर १.२ समोर ०.८८४९. हाताने सवयीप्रमाणे अर्धा मिळवला. १.३८४९.

संभाव्यता एकाच्या वर जात नाही हे मला माहीत होतं. म्हणून आकडेमोड तीनदा तपासली. बेरीज बरोबर, झेड बरोबर, तक्ता बघितला तोही बरोबर. पुढच्या उपप्रश्नात ‘पेक्षा जास्त’ होतं. तिथे अर्ध्यातून ०.८८४९ वजा केले तर उणे आलं. पर्यवेक्षक बाईंना विचारलं, तक्ता चुकलाय का? त्या म्हणाल्या, “काका, सगळ्यांना तोच दिलाय. आहे तो वापरा.” (काका!) पुढची वीस मिनिटं मी त्या कागदाशी भांडण्यात घालवली आणि शेवटी ते दशांश चिन्हाचं पाप केलं. निघताना तो कागद रागाने खिशात कोंबला.

भाची पुण्यात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय हाच. दिवाळीत आली तेव्हा कागद तिच्यासमोर टाकला. तिने १.९ च्या ओळीवर बोट ठेवलं, सातवं घर मोजलं आणि म्हणाली, “मामा, हा डावीकडून मोजलेला आहे. तुझा अर्धा यात आधीच आलाय.”

झेड १.९६ समोर ०.४७५० असेल तर तक्ता शून्यापासूनचा. ०.९७५० असेल तर अगदी डाव्या टोकापासूनचा. ०.०२५० असेल तर उजव्या शेपटीचा, तसलेही छापतात. वक्र तोच, मोजायला सुरुवात कुठून केली एवढाच फरक. माझं उत्तर ०.८८४९ हेच होतं, काहीही न मिळवता. तक्त्यात समोर पडलं होतं.

ते कळल्यावर हायसं वाटायच्या आधी चीड आली. तीन प्रकारचे तक्ते फिरतात हे पुस्तकात एका ओळीत लिहिता आलं असतं. कागदावर एक छोटी आकृती राहू दिली असती तरी भागलं असतं. मी तसं अभ्यासकेंद्राला पत्र लिहून कळवलं. उत्तर नाही.

भाचीने दुसरा हट्ट धरला तो चित्राचा. “आधी टेकडी काढ, हवा तो भाग रंगव, मग तक्ता उघड.” टेकडी म्हणजे तोच घंटेसारखा वक्र. टेकडीचा अर्ध्याहून जास्त भाग रंगवला असेल तर उत्तर अर्ध्याहून मोठंच यायला हवं. पहिले आठ दिवस मला हे पोरकट वाटलं. दुसऱ्या खेपेला परीक्षेत मी प्रश्नपत्रिका वाचायच्या आधी १.९६ शोधलं, आकडा वर कोपऱ्यात लिहिला आणि प्रत्येक गणिताला टेकडी काढली. ६४ गुण.

मला अडलेल्या आणखी काही जागा. नाणं १०० वेळा उडवून किमान ६० छापे, असल्या गणितात द्विपदाऐवजी प्रसामान्य वापरताना ६० नाही, ५९.५ घ्यायचं, कारण सलग वक्रावर ६० हा आकडा ५९.५ पासून सुरू होतो. आकड्यांत सांगतो: नेमकं उत्तर ०.०२८४. ६० घेऊन ०.०२२८ येतं, ५९.५ घेऊन ०.०२८७. त्या अर्ध्याला दोन गुण होते.

पॉयसाँमध्ये एका पाळीत सरासरी दोन बिघाड दिले असतील आणि प्रश्न तीन पाळ्यांचा असेल, तर सरासरी आधी सहा करून घ्या.

आणि हे खरं तर वर सांगायचं राहिलं: प्रसामान्य वितरणाच्या प्रश्नात कंसात ५० आणि १६ दिले असतील तर ५० ही सरासरी, आणि १६ म्हणजे बऱ्याचदा व्हेरियन्स (प्रमाण विचलनाचा वर्ग) असतो, प्रमाण विचलन ४. प्रश्नात काय म्हटलंय ते वाचा. ५६ पेक्षा जास्त येण्याची संभाव्यता ४ घेऊन ०.०६६८ येते. मी १६ घेतले होते आणि उत्तर ०.३५ च्या आसपास आलं होतं. ते एकापेक्षा कमी होतं, त्यामुळे तिथे मला शंकासुद्धा आली नाही.