सगळी डावीच बाजू

मागवली होती एकच गोष्ट, किमची जिगे, म्हणजे आंबवलेल्या कोबीचा कोरियन रस्सा. आल्या पाच बशा, आणि त्यात जिगे नव्हतीच. कोबीची किमची, तिळाच्या तेलात कालवलेला पालक, सोयाबीनचे मोड, मुळ्याच्या लालभडक फोडी आणि गोड पाकात परतलेले बोटाच्या पेराएवढे सुके मासे. मला वाटलं, शेजारच्या टेबलाचं चुकून माझ्याकडे आलं. पाच मिनिटं हात न लावता, पाहुण्यासारखा बसून राहिलो.

दक्षिण कोरियातलं सुवॉन म्हणजे सॅमसंगचं गाव. तिथल्या यंगथोंग भागात आमच्या इमारतीच्या मागच्या गल्लीत हे शिक्तांग आहे. शिक्तांग म्हणजे आपली खाणावळच. सहा टेबलं, भिंतीवर चिकटवलेला दरफलक, कोपऱ्यात कोणीही बघत नसलेला टीव्ही. पाणी आपलं आपण आणायचं. चमचे आणि स्टीलच्या चॉपस्टिक्स टेबलाच्याच कडेच्या खणात असतात, हे शेजारच्या आजोबांनी खण ओढून दाखवलं. तोवर मी मनातल्या मनात ‘चमचा’ला कोरियन शब्द जुळवत होतो.

त्या बशांना म्हणतात बानचान. कोणी विचारत नाही, बिलात लावत नाही. जेवायला बसलात की त्या येतातच. मला ओळखीचं वाटलं ते त्यांचं रूप. आंबट, खारट, तिखट, थोडंथोडं. ही तर ताटाची डावी बाजू! फक्त इथे टेबलभर डावी बाजूच मांडलेली, आणि उजवीला एक वाटी भात नि एक भांडं रस्सा.

घोटाळा इथेच झाला. चटणी बोटाच्या टोकावर घ्यायची, लोणच्याची एक फोड चार घासांना पुरवायची, असं माझं वळण. तसे मी मोडही चार-चार दाणे उचलून खात राहिलो. भात संपला, बशा जवळजवळ भरलेल्याच. आणखी भात मागितला, तर त्याचे वेगळे हजार वॉन. तेवढ्यात आजोबांनी रिकामी बशी नुसती उंच धरली, आणि पालक पुन्हा भरून आला. तिसऱ्यांदा. फुकट. आपल्या पंगतीत भाताचा आग्रह होतो आणि चटणी मागणाऱ्याकडे वाढपी जरा थांबून बघतो. इथे नेमकं उलटं.

भाताची ती वाटी स्टीलची, झाकणाची, आणि जाल तिथे साधारण त्याच मापाची. त्यामागे चक्क सरकार आहे. साठ-सत्तरच्या दशकांत तिकडे तांदळाची टंचाई होती. खाणावळींना भातात बार्ली मिसळायला लावत, आठवड्यातले काही दिवस तर भात वाढायलाच बंदी. १९७६ साली सोल शहराने वाटीचं मापच ठरवून दिलं: व्यास साडेदहा सेंटीमीटर, उंची सहा. हे समजलं तेव्हा सोलापूरची आजी आठवली. १९७२च्या दुष्काळात रेशनवर आलेल्या मिलोची, त्या लाल ज्वारीची भाकरी कशी थापता थापता फाटायची, हे ती निम्म्या आयुष्यानंतरही तावातावाने सांगायची. तिकडची टंचाई कधीच सरली. वाटी काही मोठी झाली नाही.

जिगे आली ती काळ्या मातीच्या भांड्यात, टेबलावर ठेवल्यावरही रटरटत. मागोमाग खाणावळीतल्या बाई कात्री घेऊन आल्या. शिवणकामाची असते तेवढी मोठी. त्यांनी चिमट्याने किमचीचं लांबलचक पान उचललं आणि कराकरा कापून बशीत सोडलं. आमच्या घरी जेवणाच्या पानाशी कात्री नेली असती, तर आधी पाठीत धपाटा बसला असता.

एका शाकाहारी मित्राला तिथे नेलं होतं. तो प्रत्येक बशीवर बोट ठेवून “यात मांस आहे का?” विचारत होता आणि बाई ठामपणे “नाही” म्हणत होत्या. किमचीत खारवलेली कोलंबी असते, रश्श्याच्या पाण्यात सुके मासे उकळलेले असतात. पण मासा म्हणजे मांस नव्हे, यावर बाई ठाम. मालवणातलं माझं आजोळ त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे. मित्र त्या दिवशी मोड आणि पालकावर जेवला.

सुरुवातीला मी बाईंना “यॉगियो” म्हणून बोलवायचो, म्हणजे ‘अहो, इकडे’. बाकी लोक मात्र “इमो!” अशी हाक मारत. इमो म्हणजे मावशी, आईची बहीण. वडिलांच्या बहिणीला वेगळा शब्द आहे, गोमो. खाणावळीत गोमो म्हणून हाक मारलेली मी अजून ऐकलेली नाही. बरोबरच आहे. आत्याकडे तिसऱ्यांदा पालक मागायची कोणाची छाती आहे?

मीही आता इमोच म्हणतो. सुक्या माशांची बशी त्या न सांगता माझ्या बाजूला सरकवतात. गोड सुकट ही कल्पना पचायला मला दोन महिने लागले, आता तीच आधी संपते. परवा पावसात भिजून गेलो होतो, भूक सणसणीत. मासे दोनदा घेतले, मुळा दोनदा, आणि धीर करून भाताची दुसरी वाटीही मागितली.

बिलात हजार वॉन लागलेच. मावशी असली म्हणून काय झालं!