ही आपली न्हवं

खंडेनवमी, रात्रीचे ११

"ही आपली न्हवं रं." आई एवढंच म्हणाली आणि कुंकवाचं बोट तसंच धरून बसली.

दिसत नाही तिला आता. दरवर्षी चाचपत रिव्हॉल्व्हरच्या मुठीच्या वरचा खड्डा शोधायची आणि नेमकं तिथंच कुंकू टेकवायची. खड्डाही तिच्याच कुंकवानं पाडलेला. इतक्या वर्षांच्या नवम्या, ओलं बोट एकाच जागी. पूजा झाली की आप्पा पुसायचे, पण घाईत.

तो खड्डा आता नाही. मीच घालवला, पैसे मोजून.

गेला पावसाळाभर ती कातडी होल्स्टरमध्येच राहिली. कातडं ओल धरतं, त्यात कमावण्याचे क्षार. पोलादाला याहून वाईट अंथरूण नाही. आप्पा होल्स्टर खुंटीला लावायचे आणि ही .३२ बोअरची वेब्ली रिव्हॉल्व्हर तेलाच्या फडक्यात. लहानपणापासून बघत आलोय. तरी काढली तेव्हा नळीवर तांबूस पुरळ. २०१९ पासून परवान्याचं नूतनीकरण ३ ऐवजी ५ वर्षांनी, तेवढाच एक हेलपाटा कमी; निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची धावपळ आहेच. ती सगळी करतो, आणि साधं फडकं मारायला मात्र... असो.

कारागीर हाताचा चांगला. "नवी करून द्या" हे शब्द माझेच. त्यानं पॉलिशच्या चाकावर धरली असणार. गंज गेला, खड्डा गेला, चौकटीवरची वेब्ली कंपनीची खूण, पंखवाली गोळी, पुसट झाली, कडा वापरलेल्या साबणासारख्या गोल. वरून ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळा-काळा थर, असं की तोंड बघावं. नंबर तेवढा शाबूत. आतलं काम झकास केलंय, ते नाकारत नाही. अंगठ्यानं खटका दाबून नळी खाली मोडली की काडतुसं बाहेर ढकलणारा तारा वर उठतो, सहाही घरं लख्ख. पूर्वी चक्र डुगडुगायचं, आता नाही.

तरी आपली न्हवं.

मी म्हणालो, "नंबर जुळतोय आई, परवान्यावर बघ." बघ म्हणालो. तिला.

दुपारभर स्वतःची कीव करत पडलो. एवढा खर्च केला, एवढे हेलपाटे घातले, घरात कुणाला काही आहे का? हिनं चहा ठेवला आणि विचारलं, "तुमच्यामागं पोरगं करणार आहे का हे?" पोरगं पुण्यात. त्याला फक्त फोटो हवा असतो.

तिन्हीसांजेला आईचं बोट धरून मीच जागेवर नेलं. तेलाचा हात जरा जास्तच झालेला. कुंकू ठरेना, ओघळलं ते थेट चापापर्यंत. आईला कळलं. हसली. "लई गुळगुळीत केलीस की."

फडकं घेतलं तर म्हणाली, "लगीच पुसू नगंस."

नाही पुसलं. आत्ता बघितलं, चापाच्या फटीत अजून लाल आहे. सकाळी काडीला कापूस लावून काढीन. बहुधा.