आज शाळेची घंटा उशिरा झाली

पहाटे चारला आमच्या बालग्रामाच्या, म्हणजे आईवडिलांविना वाढणाऱ्या मुलांच्या वस्तीच्या, गोठ्यातून हाक आली. गाय व्यायली होती, पण वासराला जवळ घेईना. पहिलटकरीण. चीक, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं दूध, पहिल्या काही तासांतच पोटात जायला हवा, नंतर वासराची आतडी तो नीट शोषत नाहीत. मोठ्या मुलींनी गाय धरली, मी धार काढली आणि बाटली धरली ती तीन नंबरच्या घरातल्या धाकट्याने. महिन्याभरात हा कुणाशी चार शब्द बोललेला नाही. वासरू ढुशा देत प्यायला लागलं तसा हा त्याला दटावतोय, "सावकाश! कुणी नेत नाहीये तुझं."

हे वाक्य त्याच्या घरात मुलांना सांभाळणाऱ्या आईचं. रोज जेवताना त्यालाच ऐकवते.

हर्मन ग्माइनर यांनी 1949 मध्ये ऑस्ट्रियात इम्स्टला अशा बालग्रामांची सुरुवात केली. कल्पना अशी, की वसतिगृह नको, घर हवं आणि घराला आई हवी. कागदावर सोपं वाटतं!

गणिताचा तास बुडाला, सर माझ्यावर नाराज. पेंडीचा हिशोब तसाच पडलाय. दुपारी गायीने वासराला चाटलं एकदाचं. बाटली मात्र अजून धाकट्याच्या दप्तरात आहे, मागितली तरी देत नाही.