जत्रेच्या तिथीने आखलेली कोकणवारी

थंडीत कोकण म्हटलं की बहुतेक जण नाताळ ते ३१ डिसेंबर एवढाच आठवडा धरून बसतात. आम्हीही दोनदा तेच केलं होतं. तारकर्लीत खोलीसाठी वणवण आणि मालवणच्या जेटीवर होडीची रांग, एवढंच त्यातलं आठवतं. या वेळी आईने पंचांग पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "आधी जत्रा बघा, मग तिकीट काढा."

त्रिपुरारी पौर्णिमेपासून दक्षिण सिंधुदुर्गात ग्रामदैवतांच्या जत्रा सुरू होतात. आज या गावात, उद्या पलीकडच्या. सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणाची जत्रा अगदी सुरुवातीला असते. जत्रा तिथीवर, त्यामुळे इंग्रजी तारीख दर वर्षी सरकते. आंगणेवाडीच्या भराडीदेवीला तर ठरलेली तिथीही नाही. तिथे देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो, तेव्हा त्या जत्रेसाठी तारीख जाहीर होईपर्यंत थांबावंच लागतं. बाकीच्या गावांची तिथी मुक्कामाच्या घरी फोन करून विचारा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणून ही चौकशी दिवाळीच्या आधीच झालेली बरी.

आम्ही मार्गशीर्षातली शुद्ध दशमी धरली. पहाटे कुडाळला उतरून वेंगुर्ल्याकडे निघालो. समुद्राच्या वेळांसाठी किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोबत ठेवा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते. दशमीला साडेसात, म्हणजे पूर्ण ओहोटी त्यानंतर सहा तासांनी, दुपारी दीडच्या सुमारास. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. वाळूवर लांब चालायचं तर ओहोटी उत्तम, पण खाडीच्या मुखाशी ओसरत्या पाण्यात अजिबात उतरू नका. तिथली ओढ वरून दिसत नाही.

संध्याकाळी घरमालकीण वहिनींनी लवकर पानं घेतली. "आधी जेवा, मगे जावा. बाराच्या आदी दशावतार सुरू होवचो नाय." दशावतार म्हणजे जत्रेत रात्रभर चालणारं इथलं लोकनाट्य. आम्ही तरीही नऊलाच गेलो, ते फार बरं झालं. देवळापुढे ओटी भरणाऱ्या बायकांची रांग होती आणि एका बाजूला गाऱ्हाणं चाललं होतं. डोक्याला रुमाल बांधलेले एक वयस्क मानकरी देवाला एकेका घराची अडचण सांगत होते: कुणाच्या लेकीचं लग्न, कुणाची मुंबईतली नोकरी. प्रत्येक वाक्य संपलं की भोवतीची माणसं एका आवाजात म्हणायची, "व्हय महाराजा!" तिसऱ्या वेळी माझी मुलगीही म्हणाली. आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

मग पालखी फिरली आणि मध्यरात्रीनंतर पखवाज वाजला. पडदा नाही, नेपथ्य नाही, एक बाकडं आणि पेटीवाला. गणपती, ऋद्धि-सिद्धि येऊन गेल्या आणि काळ्या कपड्यातला, लाल जीभ लोंबणारा संकासुर आला. वेद चोरणारा हा राक्षस अस्सल मालवणीत बोलतो. त्याने पुढ्यात बसलेल्या आजोबांनाच संवादात ओढलं आणि सगळं अंगण हसू लागलं. लिहिलेली संहिता नसते, नट तिथल्या तिथे संवाद रचतात. स्त्रीपात्रंही पुरुषच करतात. त्या रात्री शेला सावरताना एका नटाची बोटं इतकी हळुवार फिरली की आई म्हणाली, "ही बाईच आहे." पुढचं पौराणिक आख्यान पहाटेपर्यंत रंगलं आणि उजाडताना दहीहंडी फुटली. ज्यांनी किनारा पाहिला पण दशावतार नाही, त्यांनी अर्धंच कोकण पाहिलं असं मी मनापासून सांगेन.

बसायला सतरंजी आणि अंगावर शाल न्याच. पहाटे दव इतकं पडतं की केस ओले होतात. परतीच्या पाणंदीत दिवे नसतात, बॅटरी हवी. एसटी रात्री मिळेल असं धरू नका, येण्याजाण्याची रिक्षा आधीच ठरवा. गाभाऱ्याचे आणि गाऱ्हाण्याचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. दुसऱ्या दिवशी सकाळी काहीही ठेवू नका. आम्ही सिंधुदुर्ग किल्ला तिसऱ्या दिवशी केला. १६६४ साली पायाभरणी झालेला हा किल्ला घाईत उरकण्यासारखा नाही, आणि शिवराजेश्वराच्या देवळात निवांत बसायला मिळालं ते गर्दीचा आठवडा टाळल्यामुळेच.

आणि आल्याचा वास येणारा गुळाचा खाजा जत्रेत पोचल्या पोचल्या घ्या. आम्ही दहीकाल्यानंतर घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदार ताडपत्र्या गुंडाळून पुढच्या गावाच्या जत्रेला निघाले होते.