वाय-फाय जोडलेले, इंटरनेट मात्र साडेअकरानंतर

आमच्याकडे मुलीच्या लॅपटॉपवर सकाळी वाय-फायची खूण पूर्ण दिसत असे, पण सोबत ‘नो इंटरनेट’ हा शेराही असे आणि एकही पान उघडत नसे. राउटर बंद करून पुन्हा चालू करण्याच्या सर्वमान्य उपायाने काडीचाही फरक पडला नाही. केबलवाल्याचा माणूस दुपारी आला, तोवर सगळे आपोआप सुरळीत झाले होते. ओएनटीवरचा, म्हणजे फायबरची तार जिथे येते त्या डबीवरचा, ‘पॉन’चा हिरवा दिवा स्थिर आहे आणि ‘लॉस’चा लाल दिवा लागलेला नाही, म्हणजे फायबरमध्ये दोष नाही, एवढे दाखवून तो गेला. त्याचे म्हणणे बरोबरच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी राउटरच्याच पत्त्याला, म्हणजे १९२.१६८.०.१ ला, पिंग केले, म्हणजे तिथून उत्तर येते का ते तपासले. उत्तर तत्काळ आले. मग गूगलच्या ८.८.८.८ ला केले, तर ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ या ओळीखेरीज काहीच येईना. हा पत्ता आकड्यांतच असल्याने नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएसचा संबंधच उरत नव्हता, म्हणून ‘डीएनएस बदलून पाहा’ हा हमखास मिळणारा सल्ला मी बाजूला ठेवला. त्याच वेळी माझ्या फोनवर, मोबाइल डेटा बंद करून, त्याच वाय-फायवरून बातम्या उघडत होत्या. याचा अर्थ लाइन चालू होती आणि राउटरच या एका लॅपटॉपला पुढे जाऊ देत नव्हता.

असे मुद्दाम अडवणारी एकच सोय आमच्या राउटरमध्ये चालू होती, ती म्हणजे पॅरेंटल कंट्रोल. मुलीच्या लॅपटॉपला आणि फोनला रात्री ११ ते सकाळी ६ इंटरनेट मिळू नये, असा नियम मी लावलेला होता. पण सकाळी नऊनंतर त्याने आडवे येण्याचे कारण काय? राउटरच्या ॲडमिन पानावर सिस्टिम लॉग उघडला तेव्हा उलगडा झाला. भिंतीवरच्या घड्याळात ९ वाजून १० मिनिटे झाली होती आणि लॉगमधली सर्वांत ताजी नोंद ०३:४० ची होती. फरक नेमका साडेपाच तासांचा, म्हणजे राउटर ग्रिनिचच्या वेळेने चालला होता. आणखी मागे गेल्यावर फर्मवेअर, म्हणजे राउटरचे आतले सॉफ्टवेअर, आपोआप अद्ययावत झाल्याची नोंद दिसली. त्यानंतर टाइम झोन मूळपदावर गेला होता, नियम मात्र शाबूत राहिला होता. राउटरचे ११ ते ६ म्हणजे आपले पहाटे ४:३० ते सकाळी ११:३०. रात्री ११ नंतर मिळणाऱ्या मोकळिकीबद्दल घरातून एकही तक्रार आली नव्हती, हे ओघाने आलेच.

बंद-चालू करून उपयोग का झाला नाही, हेही यावरून कळते. घरगुती राउटरमध्ये सहसा बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. चालू झाल्यावर तो इंटरनेटवरच्या एनटीपी, म्हणजे अचूक वेळ पुरवणाऱ्या, सर्व्हरकडून वेळ मागवतो आणि ती यूटीसीमध्ये, म्हणजे ग्रिनिचच्याच वेळेत, येते. तिच्यात साडेपाच तास मिळवायचे की नाही, हे टाइम झोनच्या सेटिंगवर ठरते.

मी यादीतून ‘जीएमटी+०५:३०’ निवडून सेव्ह केले आणि लॅपटॉपवर पान लगेच उघडले. मुलीचा फोन मात्र या सगळ्या काळात सकाळीही व्यवस्थित चालत होता, आणि ते मला खटकत होते. ॲंड्रॉइड १० पासून बहुतेक फोन प्रत्येक वाय-फायसाठी वेगळा, यादृच्छिक मॅक पत्ता (ज्यावरून राउटर उपकरण ओळखतो तो क्रमांक) वापरतात, आणि नियमात तर फोनचा मूळ पत्ता लिहिलेला होता; त्यामुळे तो नियम फोनला कधी लागूच झाला नव्हता. फोनमध्ये आमच्या नेटवर्कपुरता ‘डिव्हाइस मॅक’ हा पर्याय निवडला, आणि चाचणीसाठी चालू वेळेतला पाच मिनिटांचा नियम लावून लॅपटॉप व फोन दोन्ही अडतात व वेळ संपताच सुटतात, हे पाहून तो नियम काढून टाकला.