दोराचा वळ

४ मार्च, रात्री पावणेबारा

आज गेम मास्टर दिन. डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या खेळांत प्रत्येक खेळाडू एकेक पात्र होऊन बोलतो, आणि गोष्ट पुढे नेत बाकी सगळ्यांचे आवाज काढतो तो गेम मास्टर. हे खेळ खेळणारे आजच्या दिवशी आपापल्या गेम मास्टरची आठवण काढतात. डेव्ह अर्नेसन यांच्यासोबत ज्यांनी १९७४ मध्ये हा खेळ आणला, ते गॅरी गायगॅक्स २००८ साली नेमके याच तारखेला गेले. माझी गेम मास्टर म्हणजे ताई. मी संध्याकाळी तिला मेसेज केला. तिचं उत्तर आलं, "खेळ चालू आहे ना? मग झालं." मेसेजमध्ये जे मावलं नाही ते इथे लिहून ठेवते.

ताई मला कॉलेजात दोन वर्षांनी सीनियर. कर्वेनगरच्या तिच्या खोलीत दर रविवारी आम्ही पाच जणी सतरंजीवर बसायचो. दोन परीक्षा पॅड उभे करून ती त्यांच्या आड आपली वही ठेवायची. मी चोराचं पात्र घेतलं होतं, पण पहिले तीन रविवार माझ्या तोंडून "मी पण येते" यापलीकडे फारसं काही निघालं नाही. बाकीच्या भराभर बोलायच्या, मला सुचेपर्यंत दार उघडून झालेलं असायचं.

चौथ्या रविवारी नदी ओलांडायची होती. बाकीच्या भाड्यावरून घासाघीस करत होत्या. ताईने नावाड्याचा आवाज काढला, दमलेला, खालच्या पट्टीतला. आणि तो नावाडी एकदम माझ्याकडे वळला. "पोरी, मनगटावर हा वळ कसला?"

माझ्या कॅरेक्टरच्या कागदावर असं काही नव्हतंच. मी गप्प. ताईही गप्प. एक जण मध्ये बोलायला गेली, तर ताईने नुसता हात वर करून तिला थांबवलं. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. किती वेळ गेला कोण जाणे, मग मी म्हटलं, "भाऊ विहिरीत पडला होता. त्याला ओढताना दोर घासला."

"वर आला?"

"नाही."

तिने मान हलवली, वहीत एक ओळ लिहिली आणि नाव सोडली. फासा टाकून नशीब बघायला लावलं नाही. त्यानंतर मी त्या खोलीत कधी गप्प बसले नाही.

मध्ये परीक्षा झाल्या, दिवाळी गेली. आठेक महिन्यांनी एका भुयाराच्या तळाशी आम्हाला एक माणूस भेटला. ताईने त्याचं वर्णन करताना शेवटी सांगितलं, कमरेला दोराचा तुटका तुकडा. बाकीच्यांना काही कळलं नाही. मला एकटीला कळलं, आणि मला बोलता येईना. मी सहज बोललेली एक ओळ तिने इतके दिवस जपून ठेवली होती.

नियम पुस्तकात असतात, ते कोणीही वाचेल. पण समोरचीने टाकलेला शब्द उचलून ठेवणं हे मी तिच्याकडून शिकले. गेम मास्टर मॅथ्यू मर्सरचा 'क्रिटिकल रोल' हा असाच खेळ दाखवणारा कार्यक्रम २०१५ पासून जगभर बघितला जातो आणि त्याच्या आवाजांचं कौतुक सगळेच करतात. मला मात्र खेळाडू बोलत असताना तो कसा ऐकतो ते बघायला आवडतं. मोठा शत्रू पडला की शेवटचा घाव कसा घालायचा हेही तो खेळाडूलाच विचारतो.

आज मला डेव्हिड वेस्ली यांचेही आभार मानायचेत. १९६९ च्या सुमारास मिनेसोटात त्यांनी नेपोलियनच्या काळातल्या युद्धाचा एक खेळ मांडला. या वेळी नुसत्या फौजा न देता त्यांनी खेळाडूंना गावातली माणसं करून टाकलं, कोणी महापौर, कोणी सावकार. खेळाडू उठून कोपऱ्यांत जाऊन आपसात कट करायला लागले आणि खेळ वेस्लींच्या हातून सुटला. डाव फसला असंच त्यांना वाटलं. खेळाडू मात्र पुन्हा खेळू या म्हणून मागे लागले. त्या मंडळींत अर्नेसन होते. ब्लॅकमूर हा त्यांचा स्वतःचा खेळ त्यातूनच उभा राहिला आणि पुढे डंजन्स अँड ड्रॅगन्स आलं. आम्ही सतरंजीवर जे करायचो त्याचं मूळ त्या हातून सुटलेल्या डावात आहे, हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

दीड वर्ष झालं, आता पॅडच्या आड मी बसते. सुरुवातीला दहा-दहा पानं लिहून न्यायचे आणि सगळ्यांना ओढून त्या पानांवर आणायचे. आता अर्धं पान नेते.

गेल्या रविवारी एक नवा मुलगा आला. दीड तास तो काहीच बोलला नाही. मग खाणावळीच्या म्हातारीने त्याला विचारलं, "लेकरा, जेवायला बसलास की पहिला घास बाजूला कोणासाठी काढतोस?" मी थांबले. त्याने मोबाइल उलटा ठेवला, खाली बघितलं.

"माझ्या घोड्यासाठी."

"घोडा कुठाय?"

"तेच शोधतोय."

वहीत लिहून ठेवलंय. तो कोणाच्या तबेल्यात बांधलाय, ते येत्या रविवारच्या आत ठरवायचंय.